सिमंड्स पॅरिश : कॅनडातील एका ग्रामीण विभागाचा भूगोल आणि कारभाराचा इतिहास

जगाच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष साहजिकच राजधान्यांकडे, युद्धांकडे आणि मोठ्या करारनाम्यांकडे जाते. परंतु सामान्य माणसाच्या जीवनात राज्यसंस्था प्रवेश करते ती त्याच्या गावाच्या वेशीतून. रस्ता कोणी दुरुस्त करावयाचा, शाळेचा कर कोणी भरावयाचा, निराधारांचा सांभाळ कोणी करावयाचा आणि जमिनीचा कागद कोणाच्या नावे व्हावयाचा, या प्रश्नांची उत्तरे जेथे दिली जातात तेथेच समतेची खरी परीक्षा होत असते. या दृष्टीने कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक प्रांतातील सिमंड्स नावाच्या पॅरिशचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. या विभागाने मोठी युद्धे पाहिली नाहीत. मात्र स्थानिक सत्ता कोणाच्या हाती असते आणि तिचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न या छोट्याशा भूप्रदेशात दोनशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या रूपांत उभा राहिलेला दिसतो.

पॅरिश म्हणजे काय?

'पॅरिश' हा शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मव्यवस्थेतील आहे. एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील वस्ती म्हणजे पॅरिश. इंग्लंडमध्ये गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी यांसारखी ऐहिक कामेही याच घटकाकडे आली आणि पॅरिश हा मुलकी कारभाराचा विभाग बनला. इंग्रज वसाहतवाल्यांनी हा शब्द व ही कल्पना अटलांटिकपलीकडे नेली.

न्यू ब्रन्सविक हा स्वतंत्र प्रांत १७८४ साली नोव्हा स्कोशियापासून वेगळा करण्यात आला. १७८५ साली त्याच्या काउंट्या पाडण्यात आल्या आणि १७८६ च्या कायद्याने काउंट्यांची विभागणी पॅरिशांमध्ये झाली. प्रांत, काउंटी, पॅरिश ही उतरंड आपल्याकडील प्रांत, जिल्हा, तालुका या रचनेशी ढोबळमानाने ताडून पाहता येईल. या पॅरिशांची नावे जरी धर्मव्यवस्थेतून आलेली असली तरी त्यांचा कारभार धर्मगुरूंकडे नव्हता. आज प्रांतात १५ काउंट्या आणि सुमारे १५० पॅरिश आहेत. कारभाराची सत्ता त्यांच्याकडून केव्हाच गेली, तरीही जनगणनेसाठी, जमिनीच्या दस्तऐवजांसाठी आणि सीमानिश्चितीसाठी त्यांचा उपयोग होत राहिला.

भूमी आणि पाणी

सेंट जॉन काउंटी ही फंडीच्या उपसागराला लागून असलेली एक लांबट, चिंचोळी पट्टी आहे. तिच्या मध्यभागी सेंट जॉन हे बंदराचे शहर असून शहराच्या पूर्वेला सिमंड्स पॅरिश पसरलेले आहे. दक्षिणेस फंडीचा उपसागर, पूर्वेस सेंट मार्टिन्स पॅरिश, उत्तरेस किंग्ज काउंटी आणि पश्चिमेस शहर, अशी त्याची चतुःसीमा सांगता येते.

फंडीचा उपसागर भरती-ओहोटीसाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच्या आतल्या टोकाला भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांतील फरक सुमारे १६ मीटरपर्यंत जातो. सेंट जॉनजवळ तो ८ मीटरच्या आसपास असतो. समुद्राचे पाणी अतिशय थंड असल्याने उन्हाळ्यात किनाऱ्यावर दाट धुके उतरते. उंच खडकाळ कडे, त्यांच्यामधून समुद्राला मिळणाऱ्या मिसपेक आणि ब्लॅक या छोट्या नद्या, मागे स्प्रूस व फर वृक्षांची जंगले आणि जंगलांमध्ये दडलेली सरोवरे, असे या प्रदेशाचे रूप आहे. सरोवरांत सर्वांत महत्त्वाची आहेत ती स्कॉटलंडमधील प्रसिद्ध सरोवराचे नाव मिळालेली लॉक लोमंडची सरोवरे. सेंट जॉन शहराला पिण्याचे पाणी पुरविणारे एक प्रमुख पाणलोट क्षेत्र हेच आहे.

हिमयुगातील बर्फाने खरवडून ठेवलेली ही जमीन पातळ, दगडगोट्यांची आणि आम्लधर्मी आहे. हिवाळा दीर्घ आणि पिकांचा हंगाम आखूड. लाकूडतोड, मासेमारी आणि गुरांसाठी गवत, एवढ्यावरच येथील उपजीविका बहुतांशी अवलंबून राहिली. ही भौगोलिक वस्तुस्थिती लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कोणाला कोणती जमीन वाट्याला आली, यावरच पुढचा इतिहास घडलेला आहे.

मूळ रहिवासी आणि नवे मालक

ही भूमी रिकामी नव्हती. वोलास्तोकियिक, मिकमॅक आणि पासामाक्वोडी हे आदिवासी समाज सहस्रावधी वर्षांपासून या किनाऱ्यावर व नदीच्या खोऱ्यात वावरत होते. ज्या नदीला फ्रेंच दर्यावर्दी शांप्लेन याने २४ जून १६०४ रोजी सेंट जॉन हे नाव दिले, तिला तेथील लोक वोलास्तोक म्हणजे सुंदर नदी असे म्हणत. १७२५-२६ पासून इंग्रजांनी या समाजांशी 'शांतता आणि मैत्री'चे करार केले. त्या करारांत त्यांनी जमीन दिल्याचा उल्लेख नाही. तरीही जमिनीची वाटणी करणारे कागद मात्र इंग्रज राजाच्या नावाने निघू लागले.

१७६० च्या दशकात न्यू इंग्लंडमधून जेम्स सिमंड्स व त्याचे भागीदार व्यापारासाठी सेंट जॉनच्या बंदरात स्थायिक झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेले राजनिष्ठ लोक पराभवानंतर १७८३ साली मोठ्या संख्येने येथे आले. सुमारे १४ हजार माणसे काही महिन्यांत आजच्या न्यू ब्रन्सविकच्या भूमीवर उतरली. राजनिष्ठ कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे ५० एकर जमीन, असे सरकारी धोरण होते. १७८५ साली सेंट जॉनला सनद मिळाली आणि आजच्या कॅनडातील ते पहिले सनदप्राप्त शहर ठरले.

या राजनिष्ठांमध्ये कृष्णवर्णीय माणसेही होती. काही जण गोऱ्या मालकांचे गुलाम म्हणून आले. इतर काही इंग्रज सैन्यात सेवा करून स्वातंत्र्य मिळविलेले होते. मात्र १७८५ च्या त्याच सनदेने कृष्णवर्णीयांना शहराचे पूर्ण नागरिकत्व नाकारले. शहरात धंदा करणे, माल विकणे आणि बंदरात मासे पकडणे यांवर त्यांना बंदी होती. ही कलमे १८७० पर्यंत कायम राहिली. पूर्वाश्रमीचे गुलाम आणि इंग्रज सैन्यातील सार्जंट थॉमस पीटर्स यांनी जमिनीबाबतच्या या अन्यायाची कैफियत थेट लंडनला नेऊन सादर केली. त्याचा परिणाम म्हणून जानेवारी १७९२ मध्ये नोव्हा स्कोशिया व न्यू ब्रन्सविकमधील सुमारे १,२०० कृष्णवर्णीय हॅलिफॅक्स बंदरातून आफ्रिकेतील सिएरा लिओनला निघून गेले. ज्या भूमीने न्याय दिला नाही ती सोडून जाणे, हा त्यांचा निर्णय होता.

विलो ग्रोव्ह : परवाना आणि मालकी

सिमंड्सच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण यानंतर सुरू होते. १८१२ साली इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. २ एप्रिल १८१४ रोजी इंग्रज नौदलाचे सेनापती अलेक्झांडर कॉक्रेन यांनी एक जाहीरनामा काढला. अमेरिका सोडून येणाऱ्यांनी सैन्यात यावे अथवा ब्रिटिश वसाहतींत स्वतंत्र रहिवासी म्हणून वसावे, असे त्याचे आश्वासन होते. चेसापीक उपसागराच्या काठच्या मळ्यांतून हजारो गुलाम कुटुंबांसह पळून इंग्रज जहाजांवर आले. त्यांच्यापैकी सुमारे दोन हजार नोव्हा स्कोशियात पोहोचले आणि ३७१ जणांना घेऊन 'रेग्युलस' हे जहाज मे १८१५ मध्ये सेंट जॉनच्या बंदरात आले.

शहराची सनद त्यांना शहरात धंदा करू देत नव्हती. म्हणून शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, लॉक लोमंडच्या परिसरात त्यांची वसाहत करण्याचे ठरले. हीच पुढे विलो ग्रोव्ह या नावाने ओळखली गेलेली वस्ती. तेव्हा हा भाग पोर्टलंड पॅरिशमध्ये मोडत होता. प्रत्येक कुटुंबासाठी सुमारे ५० एकरांचा तुकडा आखण्यात आला. पूर्वीच्या राजनिष्ठ कुटुंबांना मिळालेल्या जमिनीशी तुलना केली तर एकट्या कुटुंबप्रमुखाच्या हिश्श्याच्या निम्माच हा तुकडा होता आणि तोही दगडाळ भूमीवर. त्यातच १८१६ साल हे ईशान्य अमेरिकेत 'उन्हाळा नसलेले वर्ष' म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी जूनमध्येही बर्फ पडला व पिके नष्ट झाली. उष्ण प्रदेशातून आलेल्या, हाती अवजारे व भांडवल नसलेल्या कुटुंबांनी अशा काळात जंगल तोडून घरे उभारावयाची होती.

परंतु जमिनीच्या कसापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न तिच्या कागदाचा होता. या कुटुंबांना मालकीहक्काचे पत्र मिळाले नाही. त्यांना मिळाला तो ठरावीक मुदतीचा वहिवाटीचा परवाना. परवाना आणि मालकी यांतील हा फरक समजून घेतला पाहिजे. मालकी असलेली जमीन विकता येते, गहाण ठेवून कर्ज काढता येते आणि मुलांना वारसाहक्काने देता येते. परवान्याची जमीन सरकारच्या मर्जीवर असते. शिवाय त्या काळी काउंटीत मतदानाचा अधिकार ठरावीक किमतीच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीशी जोडलेला होता. २५ पौंड किमतीची मालकीची जमीन असणारा पुरुष मतदार होऊ शकत असे. ज्याच्याजवळ केवळ परवाना आहे, तो कितीही वर्षे ती जमीन कसो, या अटीत बसणे त्याला शक्य नव्हते. म्हणजे कागदातील एका शब्दामुळे त्याची पत, त्याचा वारसा आणि त्याचे मत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हिरावल्या गेल्या. विलो ग्रोव्हच्या रहिवाशांनी पक्क्या हक्कासाठी सरकारकडे वारंवार अर्ज केले आणि त्यांना अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागली. या काळात कित्येकांनी मजुरीसाठी शहराचा रस्ता धरला. काही कुटुंबे मात्र तेथेच टिकून राहिली. आज विलो ग्रोव्ह येथे रस्त्याच्या कडेला असलेली त्यांची दफनभूमी त्या चिकाटीची साक्ष देते.

न्यायाधीशांकडून परिषदेकडे

१८३९ साली पोर्टलंड पॅरिशचे विभाजन झाले. पोर्टलंडचा शहरालगतचा भाग जहाजबांधणी व लाकूड गिरण्यांनी गजबजलेला होता. पूर्वेकडील मोठा ग्रामीण प्रदेश वेगळा काढून त्याचे स्वतंत्र पॅरिश करण्यात आले आणि त्याला सिमंड्स हे नाव देण्यात आले. जेम्स सिमंड्सचे पुत्र चार्ल्स सिमंड्स हे त्या काळात प्रांतिक विधिमंडळाचे सभापती व सेंट जॉनमधील मातब्बर व्यापारी होते. उरलेले पोर्टलंड पुढे १८७१ मध्ये नगर, १८८३ मध्ये शहर झाले आणि १८८९ मध्ये सेंट जॉनमध्ये विलीन झाले.

पॅरिशचा कारभार त्या काळी कसा चालत असे? काउंटीचे न्यायाधीश वर्षातून ठरावीक वेळी एकत्र बसत. त्यांची नेमणूक सरकारकडून होत असे, निवडणूक नव्हती. न्यायदानाबरोबर करआकारणी आणि नेमणुका हीही त्यांचीच कामे. दरवर्षी ते प्रत्येक पॅरिशसाठी गरिबांचे देखरेखदार, रस्त्यांचे पर्यवेक्षक, कुंपणांची पाहणी करणारे, कोंडवाड्याचे रखवालदार व शिपाई नेमत. आपल्याकडील वतनदारी जन्माने मिळत असे. तेथील पदे एका वर्षासाठी असत. तथापि नेमणारे व नेमले जाणारे बहुधा जमीनदार आणि व्यापारी वर्गातलेच असत.

या व्यवस्थेची सर्वांत कठोर बाजू गरिबांच्या पोषणात दिसते. प्रत्येक पॅरिशने आपल्या निराधारांचा खर्च आपणच उचलावा, असा कायदा होता. त्यामुळे खर्च कमीत कमी ठेवण्याची स्पर्धा लागे. न्यू ब्रन्सविकच्या काही ग्रामीण पॅरिशांत तर निराधारांचा जाहीर लिलाव होत असे. त्यात जो सर्वांत कमी रकमेत सांभाळण्यास तयार होईल त्याच्याकडे वृद्ध, अपंग अथवा अनाथ व्यक्ती सोपविली जाई.

१८७७ च्या कायद्याने सर्व काउंट्यांमध्ये निवडून आलेल्या परिषदा स्थापन करणे बंधनकारक झाले. पॅरिशांमधून सभासद निवडले जाऊ लागले. लोकशाहीच्या दिशेने हे मोठे पाऊल होते. त्याआधी १८७१ च्या शाळा कायद्याने करावर चालणारे मोफत, पंथनिरपेक्ष शिक्षण सुरू झाले होते. परंतु प्रत्येक छोट्या शाळा विभागाचा कर तेथल्याच मालमत्तेवर बसत असे. ज्या वस्तीची जमीन खडकाळ आणि घरे गरीब, तेथे कर कमी, म्हणून शिक्षकाचा पगार कमी, म्हणून शाळाही दुबळी. निवडणूक आली, तरी गरीब वस्तीचे दारिद्र्य तिच्या शाळेत उतरतच राहिले.

१९६७ : समान संधी आणि हरवलेले मत

ही साखळी तोडण्याचा निर्धार लुई रोबिशो यांनी केला. १९६० साली ते प्रांताचे पंतप्रधान झाले. फ्रेंच भाषक अकेडियन समाजातून निवडणुकीने त्या पदावर आलेले ते पहिलेच नेते. १९६२ मध्ये त्यांनी एडवर्ड बर्न यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक वित्तव्यवस्था आणि कर यांची चौकशी करणारा आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६३ मध्ये आला. शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण व न्याय या सेवा माणसाला दिल्या जातात, म्हणून त्यांचा दर्जा तो कोणत्या काउंटीत राहतो यावर अवलंबून असू नये आणि त्यांची जबाबदारी संपूर्ण प्रांताने घ्यावी, असा त्याचा आशय होता.

'समान संधी' या नावाने ओळखल्या गेलेल्या या कार्यक्रमाला प्रखर विरोध झाला. इंग्रजी भाषकांचा पैसा घेऊन फ्रेंच भाषकांना वाटला जात आहे, असा प्रचार झाला. करसवलती गमावण्याच्या प्रश्नावरून उद्योगपती के. सी. आयर्विंग यांचाही सरकारशी उघड संघर्ष झाला. तरीही कायदे संमत झाले. १ जानेवारी १९६७ पासून काउंटी परिषदा रद्द झाल्या. ४२२ शाळा विभागांचे केवळ ३३ विभाग झाले आणि शिक्षकांच्या पगाराचा भार प्रांताने उचलला. त्याच वर्षी प्रांताचा मानवी हक्क कायदा आला, तर १९६९ मध्ये इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला.

सिमंड्स पॅरिशचे स्वरूपही याच वर्षी पालटले. त्याचा शहरालगतचा, दाट वस्तीचा भाग आणि पश्चिमेकडील लँकेस्टर शहर सेंट जॉनमध्ये विलीन झाले. आज कॅनडातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना शहराच्या याच पूर्व बाजूला आहे, तर मिसपेकच्या टोकाला खोल समुद्रातील तेलवाहू जहाजांचा धक्का आहे. मोठ्या उद्योगांचा व त्यांच्या कराचा प्रदेश शहराकडे राहिला. विलो ग्रोव्हसारख्या ग्रामीण वस्त्या शहराबाहेर राहिल्या आणि त्यांचा 'स्थानिक सेवा जिल्हा' करण्यात आला.

या सेवा जिल्ह्याला परिषद नव्हती, महापौर नव्हता आणि कर बसविण्याचा अधिकारही नव्हता. रहिवासी सभा घेऊन सल्लागार समिती निवडू शकत, परंतु अंतिम निर्णय प्रांताच्या मंत्र्याचा असे. अग्निशमन, कचरा, रस्त्यावरचे दिवे यांविषयी रहिवाशांचे म्हणणे ऐकले जाई, पण तेथे त्यांचे मत मोजले जात नसे. १९६७ च्या सुधारणेने ग्रामीण मुलाला चांगली शाळा दिली. त्याच सुधारणेने त्याच्या आईवडिलांचे स्थानिक मत काढून घेतले. अर्धशतकाहून अधिक काळ प्रांतातील सुमारे ३० टक्के लोकसंख्या अशा स्थितीत राहिली.

अखेर १ जानेवारी २०२३ पासून नवी रचना अमलात आली. प्रांतातील ३४० स्थानिक घटकांचे एकत्रीकरण होऊन ७७ स्थानिक शासनसंस्था आणि १२ ग्रामीण जिल्हे असे ८९ घटक झाले. नव्या संस्थांच्या निवडणुका २८ नोव्हेंबर २०२२ रोजी पार पडल्या. ज्यांच्या वस्त्या शासनसंस्थांमध्ये समाविष्ट झाल्या त्यांना स्थानिक मत परत मिळाले. जे ग्रामीण जिल्ह्यांत राहिले त्यांच्याकडे अजूनही सल्लागार समितीच आहे. सिमंड्स पॅरिशची जुनी सीमा नकाशावर आहे तशीच आहे.

या इतिहासाचा अर्थ

सिमंड्सच्या इतिहासातून दोन गोष्टी एकाच वेळी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सत्ता स्थानिक असली म्हणजे ती न्यायी असतेच असे नाही. कृष्णवर्णीयांना धंदा नाकारणारी सनद शहराचीच होती आणि निराधारांचा लिलाव मांडणारे लोक त्यांचे शेजारीच होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानल्याचे ठामपणे समर्थन केले होते. बर्न आयोगाच्या अहवालामागचा विचारही व्यक्तीलाच केंद्रस्थानी ठेवणारा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, वरून मिळालेली समान सेवा ही स्वतःच्या मताची जागा घेऊ शकत नाही. चांगली शाळा मिळालेल्या माणसालाही आपल्या गावाचा रस्ता कोठून जावा हे ठरविण्याचा हक्क हवा असतो. व्यक्तीच्या हक्कांना वरिष्ठ कायद्याचे संरक्षण आणि त्या संरक्षणाखाली चालणारे निवडून आलेले स्थानिक शासन, या दोहोंची सांगड घालावी लागते. न्यू ब्रन्सविकला त्या सांगडीपर्यंत पोहोचण्यास १७८६ पासून २०२३ पर्यंतचा काळ लागला आणि तेथील काम अजून पूर्ण झालेले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नकाशावरील रेषा वाचताना हे ध्यानात ठेवावे. रेषा दोनशे वर्षे तशीच राहू शकते. तिच्या आत जमिनीचा कागद कोणाच्या नावे आहे, कर कोण भरतो, शाळा कशी चालते आणि मत कोणाला आहे, हे चार प्रश्न विचारले म्हणजे त्या रेषेच्या आतील माणसांचे जीवन दिसू लागते. विलो ग्रोव्हच्या कुटुंबांनी हेच प्रश्न परवान्याचा कागद हातात धरून सरकारला विचारले होते. आपल्या गावाचा, आपल्या तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाची सुरुवात याच चार प्रश्नांपासून करावी.